ती पाणी कुठून भरायची?

परभणीत दर रविवारी सकाळी माझ्या घरी पाच-सहा जण आपापलं लेखन घेऊन बसतात. ३० वर्षं शाळेत मराठी शिकवली, त्यामुळे ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली हस्तलिखितं माझ्याकडे येत राहतात आणि मी ती पेन्सिल घेऊन वाचतो. दोन पावसाळ्यांपूर्वी एक ताई चार लांब वह्या घेऊन आल्या. ऐतिहासिक प्रेमकादंबरी, ३४ प्रकरणं. निजामी राजवटीची शेवटची वर्षं, गोदाकाठचं एक गाव, देशमुखांचा धाकटा मुलगा आणि त्याच वाड्यावर राबणाऱ्या सालगड्याची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेल्या शेतमजुराची, मुलगी.

कादंबरी अजून छापून आलेली नाही. ताईंना विचारूनच हे लिहितो आहे. नावं त्यांनी नको म्हटलं, म्हणून ती देत नाही. लिहावंसं वाटलं ते अशासाठी, की वाडा आणि वस्ती यांच्यातलं प्रेम रंगवणारी जेवढी हस्तलिखितं आजवर हातात आली, ती सगळी एकाच जागी, वर शीर्षकात आहे त्या प्रश्नापाशी, अडखळली होती. हे एकच त्या जागेतून पुढे गेलेलं मी जवळून पाहिलं.

वह्या आल्या तेव्हा

ताईंची भाषा गोड. त्यांच्या माहेरी पांढऱ्या मातीची पडकी गढी आहे. ढेलजेतला अंधार, पावसात गळणारं माळवद, खळ्यावर रात्री राखणीला बसलेल्या गड्यांचं बोलणं, हे सगळं त्यांनी पाहून-ऐकून लिहिलं होतं. पहिल्याच प्रकरणात नायिका वाड्याच्या आडावर पाणी शेंदते आहे आणि धाकटे मालक माळवदावरून तिला पाहतात. दोर, घागर, ओली पावलं. तो परिच्छेद मी दोनदा वाचला होता, आवडला म्हणून.

नायक हैदराबादला उस्मानियात शिकून आलेला. तापट, रात्री पिणारा, गाण्याच्या बैठकींना जाणारा. एकदा तो नायिकेच्या थोबाडीत मारतो आणि दुसऱ्या दिवशी पैठणी घेऊन तिच्या दारात उभा राहतो. ताईंचं म्हणणं स्पष्ट होतं. "सर, मला देवमाणूस नको होता. चुकणारा हवा होता. चुकणारा माणूस सुधारतो, तेव्हा वाचकाचा जीव त्याच्यात अडकतो."

खलनायक तालुक्याचा अंमलदार. उर्दू बोलतो, मिशीला पीळ देतो. सालगड्याला तोच कर्जात बुडवतो, वेठीला धरतो, त्याचा जमिनीचा तुकडा तोच लिहून घेतो आणि मुलीवर डोळाही त्याचाच. मग पोलीस ॲक्शन होते, म्हणजे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरतं, १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण येतो, अंमलदार पळून जातो, तिरंग्याखाली लग्न लागतं. संपलं.

मी आधी तपशिलाच्या चुका काढल्या. देशमुख आणि जागीरदार हे शब्द ताईंनी अदलून-बदलून वापरले होते. जागीरदाराला गावाचा सारा नेमून दिलेला असायचा आणि तो हैदराबादेत बसून तो खाऊ शकत होता. देशमुख परगण्याचा जुना वतनदार. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६० च्या दशकात जिल्हाबंदी केली, म्हणजे जिल्हे पाडून सरकारी अधिकारी नेमले, तेव्हा त्याच्या हातातली सारावसुली गेली आणि बदल्यात रोख रुसूम, म्हणजे ठरावीक मोबदला, मिळू लागला. सत्ता कागदावर कमी झाली, पण जमीन, वाडा आणि गावातला शब्द राहिला. दुसरी चूक तारखांची. जमिनीच्या एका कागदावर '१५ ऑगस्ट १९४७' लिहिलं होतं. संस्थानच्या कागदावर फसली साल, म्हणजे महसुलाची वेगळी कालगणना, असे आणि महिने आजूर, दय, बहमन असे चालत. तो ऑगस्ट म्हणजे १३५६ फसली. तिसरी चूक पैशाची: रुपये म्हणजे कुठले? निजामाचा हाली शिक्का की इंग्रजी कलदार? सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव होता.

हे सगळं मी समासात लिहून दिलं आणि माझ्या दृष्टीने काम संपलं. या तिसऱ्या टिपेतून पुढे अख्खी कादंबरी उलटणार आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आजी

दागिन्यांचे आणि जात्यावरच्या ओव्यांचे तपशील तपासायला ताईंनी माहेरच्या गावच्या एका आजींना आणलं. आजी ८५ च्या पुढच्या. नातू इथे नोकरीला आहे, त्याच्याकडे राहतात. त्यांचे वडील ताईंच्या आजोबांच्या वाड्यावर सालगडी होते. ताई त्यांना 'आजी' म्हणतात आणि आजी ताईंना 'आक्का'. वयाने निम्म्या असलेल्या बाईला म्हातारीने आक्का म्हणायचं, हे आम्हा सगळ्यांच्या कानाला इतकं सवयीचं, की त्या दिवशी ते कुणाला खटकलंही नाही.

आजी खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. ताईंनी पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. आडाचा परिच्छेद संपला तशी आजींनी मान वर केली.

"आडावर?"

"हो आजी. वाड्याच्या आडावर."

"कोण हाय ती?"

"सालगड्याची पोर."

"ते कळलं. कोण हाय?"

ताई काही बोलल्या नाहीत. चारही वह्यांत नायिकेची जात नव्हती. 'गरीब पण स्वाभिमानी' एवढंच होतं. आजी थोडा वेळ थांबल्या आणि अगदी साध्या आवाजात, माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मंग पाणी कुठून भरायची ती?"

नंतर त्यांनीच सांगितलं. त्या मातंग समाजाच्या. लहानपणी त्या आणि त्यांची माय गावच्या विहिरीच्या ओट्याखाली उभ्या राहायच्या. "कुणी वतलं तर घागर भरायची. न्हाई वतलं तर हुभं ऱ्हायचं. उनात लई टाइम जायचा." वाड्याच्या आडाजवळ जायचा तर प्रश्नच नव्हता.

हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, दारातल्या हौदावर हातपाय धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून त्यांच्यावर लोक धावून आले. हा प्रसंग मी वर्गात कितीदा सांगितला आहे. किल्ला आपल्याच मराठवाड्यातला, साल या कादंबरीच्या जेमतेम बारा वर्षं आधीचं. तरीही आडावरचा तो परिच्छेद वाचताना मला फक्त ओली पावलं दिसली. प्रेमकथा वाचायला बसलं, की शिकलेला माणूससुद्धा एवढं विसरतो.

आजी गेल्यावर मी ताईंना तोडगा सुचवला. नायिका धनगराची करा, कोष्ट्याची करा. गरिबी राहील, वाड्याशी अंतर राहील आणि आडही वाचेल. ताई त्या रविवारी 'बघते' म्हणाल्या. पुढच्या रविवारी आल्या त्या ठरवून आल्या होत्या. "सर, आजींनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायला नको म्हणून मी नायिकाच बदलायची?" माझा सल्ला चुकीचा होता. आड वाचवण्यासाठी मी माणूस खोडायला निघालो होतो.

नवं पहिलं प्रकरण असं झालं. आडावर वाड्यातल्या बाया पाणी शेंदताहेत. ओट्याच्या खाली, घागर कमरेला लावून एक पोरगी उभी आहे. धाकटे मालक माळवदावर पुस्तक घेऊन बसलेत. ते तिला बघतात, खाली जातात, पुन्हा वर येतात, ती अजून तिथेच. त्यांना वाटतं, ती आपल्यासाठी थांबली आहे. वाचकालाही तसंच वाटतं, कारण प्रेमकथेत असंच वाटायचं असतं. ती कुणीतरी पाणी ओतेल म्हणून उभी आहे, हे त्यांना अकराव्या प्रकरणात कळतं. तोवर त्या गैरसमजावर त्यांनी मनातल्या मनात सगळा महाल बांधलेला असतो.

मला विचाराल तर नायकाचा पहिला खरा दोष हा. पिणं नाही, तापटपणा नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला दिसत नाही, कारण दिसण्याची त्याला कधी गरज पडली नाही.

इंग्लंडातला साचा

ताईंनी हा कथाप्रकार कुठून घेतला ते त्यांनीच सांगितलं: अनुवादित इंग्रजी प्रेमकादंबऱ्या आणि मोबाईलवरच्या मालिका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं इंग्लंड, मोठ्या इस्टेटीचा ड्यूक, त्याच्या घरी मुलांना शिकवायला आलेली गरीब मुलगी. तो गर्विष्ठ, जुगारी, बाईबाज, ती स्वाभिमानी. शेवटी लग्न.

तो साचा तिथे चालतो, त्याला कारण आहे. इंग्रजी रिवाजात लग्न झालं की बाईला नवऱ्याचा दर्जा मिळतो. बाप कुणीही असो, ड्यूकची बायको डचेस. समाज नाकं मुरडेल, पण पदवी तिची आणि मुलगा झाला तर इस्टेटीचा वारस तो. म्हणजे वर्गातली दरी लग्नाने खरंच ओलांडता येत होती, त्या समाजाच्या स्वतःच्या नियमांनी. अर्थात तिथलंही सगळं सोनं नव्हतं. १८७० आणि १८८२ चे कायदे होईपर्यंत विवाहित बाईची मिळकत बहुतांशी नवऱ्याच्याच ताब्यात जायची. पण कथेला लागणारी शिडी तिथे होती.

आपल्याकडे ती शिडी कुठे आहे? देशमुखाशी लग्न लावून वस्तीवरची मुलगी देशमुखीण होत नाही. झालंच तर देशमुख जातीबाहेर जातो आणि तिचा दर्जा आहे तिथेच राहतो. वेगवेगळ्या जातींतल्या हिंदूंचं लग्न सरसकट वैध ठरवणारा कायदा भारतात १९४९ चा, विशेष विवाह कायदा १९५४ चा. १९४७ सालातल्या त्या पोरीच्या हातात यातला एकही कागद नव्हता. तिच्यासमोर वाड्यातल्या पुरुषाच्या प्रेमाचं गावाला माहीत असलेलं रूप एकच होतं आणि त्याला गावात नाव होतं: 'ठेवलेली'. मागच्या दारचं येणं-जाणं. त्या वयाच्या मुलीला ते नाव ठाऊक असणारच. मग धाकटे मालक पहिल्यांदा तिच्याशी हळू आवाजात बोलतात, तेव्हा तिच्या पोटात आधी काय हलेल? पहिल्या मसुद्यात गुदगुल्या होत्या. नव्या मसुद्यात ती मागे वळून बापाला शोधते. एवढा एक बदल केला आणि पुढची सहा प्रकरणं ताईंना नव्याने लिहावी लागली, कारण भीती शब्दांत आली की ती चार ओळींत जात नाही. तिला जायला वेळ द्यावा लागतो आणि वेळ मिळाल्यावर जे उगवलं, ते पहिल्या मसुद्यातल्या प्रेमापेक्षा कितीतरी खरं होतं.

एक शब्द

आता खलनायक. मी ताईंना एक काम दिलं: अंमलदाराने केलेली पापं एका कागदावर उतरवा आणि समोर लिहा, आपल्या गावात हे काम कोण करायचं. कर्ज देऊन सालात अडकवणं? वाडा. पाडव्याला साल बांधताना जुनी उचल फिटलेली नाही म्हणून पुढचं साल लावून घेणं? वाडा. वेठ? सरकारी माणसं आणि वाडा दोघंही. जमिनीचा तुकडा? वाडा. अंमलदाराच्या वाट्याला उरली लाच आणि मिशी.

ताई कागदाकडे बघत बसल्या. हा त्यांच्याच माहेरचा वाडा होता. नायकाला निर्मळ ठेवायला त्याच्या बापाची सगळी कर्मं एका परक्या माणसाच्या डोक्यावर ठेवली गेली होती, आणि तो माणूस परक्या भाषेतला, परक्या धर्माचा असला की वाचक मागेपुढे न बघता ती मान्य करतो. हे मला फार धोक्याचं वाटतं. रझाकारांनी जे केलं ते केलं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबांवर काय गुजरलं, तेही भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवलं आहे. अशा सालाबद्दल लिहिताना खलनायकाला नुसती भाषा आणि मिशी देऊन भागत नाही. आणि उर्दू तर नायकाचीही भाषा होती! १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानियात शिक्षणाचं माध्यमच उर्दू. त्याची पदवी ज्या भाषेतली, तीच भाषा खलनायकाची खूण कशी होईल?

ताईंनी पापं घरी आणली. आणि इथे हाली-कलदारची टीप कामाला आली.

सालगड्याने थोरल्या मुलीच्या लग्नाला ६० रुपये उचल घेतली, हाली शिक्क्यात. वाड्याची वही मोडीत. वडील सांगताहेत, धाकटा लिहितो आहे. वय १४, अक्षर चांगलं म्हणून त्याला बसवलेलं. वडील म्हणतात, "साठ कलदार." मुलगा क्षणभर थांबतो, कारण रुपये त्याच्यासमोर मोजले गेलेत आणि ते हाली होते. मग लिहितो. साठ कलदार म्हणजे सत्तर हाली. एका शब्दाने दहा रुपये वाढले आणि त्या दहांवर व्याज. पुढे हैदराबादला त्याची फी जाते, ती या वहीतून. सालगड्याचा हिशेब वेगळा. त्याने घराच्या भिंतीवर गेरूने रेघा मारलेल्या, दर सुगीला कापून घेतलेल्या धान्याची एक रेघ. नायिका त्या रेघा बघत मोठी झाली आहे. तिला ना मोडी येते ना उर्दू, पण रेघा मोजता येतात, आणि रेघांप्रमाणे कर्ज केव्हाच फिटलं आहे.

हा प्रसंग वाचला तेव्हा मला खात्री पटली की आता कादंबरी होणार. पिणारा, भांडणारा नायक लिहिणं सोपं असतं. ते दोष अंगावरच्या कपड्यांसारखे. प्रेमात पडल्यावर उतरवता येतात. पण हा एक शब्द त्याने प्रेमाच्या कितीतरी आधी लिहिला, कुणाबद्दल राग नसताना लिहिला, बापाचा आज्ञाधारक मुलगा म्हणून लिहिला. प्रेम केल्याने तो पुसला जात नाही. त्याच्यावर तिचं प्रेम बसल्यावर तर तो आणखी ठळक होतो.

ताईंना मात्र भीती वाटली. त्या तीन रविवार आल्या नाहीत. चौथ्या रविवारी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही त्याला माझ्याकडून काढून घ्यायला निघालात, सर. इतका वाईट केल्यावर त्याच्यावर जीव कोण लावणार?"

मी म्हटलं, त्याच्यात चांगलं काय आहे ते लिहा. ते तुम्ही अजून लिहिलेलंच नाही.

त्यांनी लिहिलं. ७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा निजामाविरुद्धचा सत्याग्रह सुरू होतो. धाकटे मालक पोरांना घेऊन सरकारी उत्पन्नाची शिंदीची झाडं तोडतात, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळायला जातात, पकडले जातात, तुरुंगात मार खातात. हे खोटं शौर्य नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी तरुणांनी तेव्हा घरदार सोडलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. ताईंचा नायक त्यांच्यातलाच एक. फक्त, निजामाच्या नाक्यावर काडी लावणारा हा माणूस बापाच्या वहीला हात लावत नाही. दोन्ही एकाच छातीत. तुरुंगात पडल्या-पडल्या त्याला नाका आठवत नाही, शब्द आठवतो. मला तर हा नायक पहिल्या मसुद्यातल्यापेक्षा दसपट आवडला.

थोबाडीत

थोबाडीत आणि पैठणी हा प्रसंग काढा, असं मी म्हटलं होतं. वाड्यातल्या पुरुषाने वस्तीवरच्या मुलीला मारलं, तर ते प्रेमिकांचं भांडण कसं होईल? ती उलटून मारू शकत नसेल, तर मारणं म्हणजे मारणं. ताईंनी तो काढला नाही, हलवला. सहाव्या प्रकरणात, प्रेमाचा मागमूस नसताना, बैल सुटला म्हणून धाकटे मालक एका पोराच्या थोबाडीत मारतात. दोन ओळी. कुणी काही म्हणत नाही, कथा पुढे जाते. मीसुद्धा पहिल्या वाचनात ती ओळ ओलांडून गेलो.

एकोणतिसाव्या प्रकरणात ते तिला विचारतात, माझं सगळं सांगितलं मी, वहीचंही सांगितलं, आता आणखी काय राहिलं? ती सांगते, तो पोरगा माझा भाऊ. त्यांना आठवत नाही. खरंच आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करतात, बैल आठवतो, पोरगा आठवत नाही. वही निदान त्यांच्या मनाला सलत तरी होती. याची तर नोंदच नाही. ती चिडत नाही, रडत नाही, भावाचं वय सांगते: आठ. प्रकरण तिथे थांबतं. या पानावर मी पेन्सिल टेकवली नाही.

सप्टेंबरनंतर

पहिल्या मसुद्यात १७ सप्टेंबर १९४८ ला सगळे प्रश्न सुटत होते. नव्यात त्या दिवशी गावात मिरवणूक निघते, धाकट्यांच्या गळ्यात हार पडतात आणि हार घालणाऱ्यांत सालगडीही असतो. वही वाड्यातच. १९४९ च्या ऑगस्टमध्ये जागिरी रद्द झाल्या, पण हे घर जागीरदाराचं नव्हतं, देशमुखाचं होतं. त्या कायद्याने त्याच्या जमिनीला धक्का लागला नसता. कुळकायदा १९५० चा, आणि साल बांधून घेतलेला गडी हा कूळही नव्हे. राज्य बदललं तरी वहीतला शब्द कुठल्याच कायद्याच्या कक्षेत येत नव्हता. तो खोडायचा तर ज्याने लिहिला त्यानेच.

इथे ताईंनी एक सुंदर प्रसंग लिहून आणला. धाकटे मालक रात्री वस्तीवर येतात, तिच्या दारात उभे राहून पाणी मागतात आणि तिच्या हातचं पितात. मला तो फार आवडला. आडापासून सुरू झालेली कथा तिच्या घागरीशी पोचली, असं मी म्हणालोसुद्धा.

आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "रातच्याला कुणाचं पाणी चालत न्हवतं, आक्का?"

खोलीत कुणी हललं नाही. आजींनी त्यापुढे काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अंधारात वाड्यातली माणसं वस्तीवर येत होती, पाणी पीत होती आणि उजाडल्यावर तीच माणसं घागरीपासून लांब चालत होती. हा प्रसंग दिवसाचा केल्याशिवाय त्याला काही अर्थ नव्हता. आणि दिवसा, चारचौघांत, पाणी पिणंही पुरेसं नव्हतं. त्यातून धाकट्यांचं मन हलकं झालं असतं, पण गड्याचं कर्ज होतं तसंच राहिलं असतं.

म्हणून तेहतिसावं प्रकरण पाडव्याचं झालं. १९४९ चा पाडवा, सालं संपण्या-बांधण्याचा दिवस. त्याआधी धाकटे मालक तिला म्हणतात, मी ते पान फाडून टाकतो. ती म्हणते, फाडू नका. फाडलं तर काय होतं ते कुणाला कळणार? वाचून दाखवा. मग चावडीवर, सगळ्यांसमोर ते वही उघडून स्वतःचं अक्षर वाचतात. साठ, हाली की कलदार, कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, किती सुग्या झाल्या. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी हार घातले, तेच म्हणतात, आताच कुठे चांगले दिवस आलेत, घरातलं चावडीवर कशाला? वडील उठून जातात आणि रात्री वाड्याचं दार आतून लागतं. अंमलदाराची जागा आता एका छोट्या प्रसंगापुरती राहिली आहे: मागे कधीतरी जमिनीचा कागद त्याच्यापुढे आला, तेव्हा सालगड्याला 'हे तुला वाचून दाखवलंय का?' असं विचारणारा तो एकटाच होता. त्यानेही पुढे काही केलं नाही. विचारून शिक्का मारला.

चावडीचं प्रकरण ऐकून आजी म्हणाल्या, "असं कुठं झालं न्हाई."

ताई म्हणाल्या, "झालं नसेलच, आजी. मपल्या घरात तर न्हाईच झालं." एरवी शुद्ध बोलणाऱ्या ताईंच्या तोंडून 'मपल्या' आलं. माझ्या घरात, म्हणजे त्या गढीत, ज्या वाड्यावर आजींचे वडील राबले. एवढंच त्या बोलल्या. आजींनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लिव्ह. बापाचं नाव मातर लिवू नको मपल्या."

चौतिसावं प्रकरण

आता शेवट. सालगडी मोकळा झाला आहे, मुलाला आणि मुलीला घेऊन सेलूच्या बाजूला कापसाच्या जिनिंगवर कामाला लागला आहे. तिथे मजुरी रोख मिळते. धाकटे मालक वाड्याबाहेर, वकिली सुरू करायच्या खटपटीत. दोघांचं प्रेम आहे. त्याबद्दल आता कुणालाही, मलाही, शंका नाही. लग्नाचं काय?

आमच्या रविवारच्या मंडळींत यावर दोन तट पडले. प्रेमकथा लिहायची आणि लग्न लावायचं नाही, हा वाचकाचा विश्वासघात आहे, असं एक बाजू म्हणते. मला ते म्हणणं पटतं. या कथाप्रकाराने वाचकाला दिलेलं वचन आहे ते आणि वस्तीवरच्या मुलीच्या वाट्यालाच दरवेळी त्याग का यावा, हाही प्रश्न खराच. दुसरी बाजू म्हणते, लग्न लावलं की चावडी पुसली जाते. वाचक म्हणेल, चला, त्याने किंमत मोजली आणि त्याला ती मिळाली. मलाही ती बक्षीस झालेली नको आहे. ताईंनी दोन्ही शेवट लिहून पाहिले. दोन्ही माझ्याकडे आहेत.

गेल्या महिन्यात आजींकडे आम्ही दोघं गेलो होतो. त्यांची तब्येत आता बरी नसते, ऐकू कमी येतं. नातसुनेने चहा आणला. आजींनी स्वतःच विचारलं, "मंग? लगीन लावलं का त्याहिचं?"

"अजून ठरत नाही, आजी. सर एक म्हणतात, बाकीचे एक म्हणतात. मला दोन्ही बरोबर वाटतं."

"तिला इचारलं का?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही मसुद्यांत धाकटे मालक जिनिंगच्या फाटकाशी येतात, बोलतात, मागणी घालतात किंवा निरोप घेतात. दोन्हींत बोलायला सुरुवात तेच करतात.

ताईंनी परत येताना रिक्षात वही उघडली आणि दोन्ही मसुद्यांची पहिली पानं पेन्सिलीने खोडली. नवं पान सकाळच्या भोंग्यापासून सुरू होतं. ती फाटकाबाहेर येते, ते समोर उभे आहेत, आणि या वेळी आधी तोंड उघडते ती. पुढची ओळ या रविवारपर्यंत लिहून झालेली नव्हती.